मंद सुगंधाचे शील

पाच ज्ञानेंद्रियांपैकी नाकाइतके असहाय इंद्रिय दुसरे नाही. एखादे दृश्य नकोसे झाले तर डोळे मिटता येतात, आवाज असह्य झाला तर कानांवर हात ठेवता येतात, न रुचणारा घास ताटातच राहू देता येतो आणि स्पर्श टाळायचा तर चार पावले मागे सरता येते. गंधाच्या बाबतीत अशी सोय नाही. तो श्वासाबरोबर आत येतो, आणि श्वास घेणे हे काही कोणाच्या मर्जीवर सोपवलेले काम नव्हे. अंगाला अत्तर लावणे ही वरवर पाहता अगदी खासगी आवडीची बाब वाटते. परंतु ते लावणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारी बसलेल्यालाच त्याचा अनुभव अधिक घ्यावा लागतो. भरजरी शालू किंवा हिऱ्यांच्या कुड्या पाहायच्या की नाहीत हे पाहणाऱ्याच्या हाती राहते. सुगंध ती मुभा देत नाही.

म्हणून सुगंधाचा विचार हा जितका रसिकतेचा तितकाच नीतीचाही विचार आहे. आपल्या असण्याची जाणीव दुसऱ्याला किती व्हावी, हा त्यातला मूळ प्रश्न. विद्वत्ता, संपत्ती, दातृत्व, भक्ती ह्या सर्वांनाच आपापला गंध असतो आणि तो किती दूर जाऊ द्यावा हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. देवळाच्या सभामंडपात, लग्नघरात, पंगतीत, जेथे जेथे माणसे एकमेकांच्या निकट येतात तेथे तेथे हा प्रश्न उभा राहतो. फक्त त्याला प्रश्न म्हणून ओळखण्याची सवय आपल्याला नसते. ज्याने आपला आवाका मुद्दाम लहान ठेवला आहे अशा एका सुगंधाच्या निमित्ताने त्याची चर्चा करावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२

पॅरिसमध्ये १८२८ साली स्थापन झालेल्या गेर्लें ह्या सुगंधी द्रव्यांच्या पेढीतील झाक गेर्लें ह्यांनी १९०६ साली एक अत्तर सिद्ध केले आणि त्याचे नाव 'आप्रे लाँदे' असे ठेवले. ह्या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'सर येऊन गेल्यानंतर' असा होतो. अत्तराचा सारा स्वभाव ह्या नावात आला आहे. पावसाचा जोर, विजांचा कडकडाट त्यात कोठेच नाही. सर ओसरल्यावर ओल्या बागेत जी काही घटका दरवळत राहते, तिचेच हे चित्र आहे.

त्याच्या घडणीत प्रामुख्याने तीन-चार सूर ऐकू येतात. पहिला बनफशाच्या फुलाचा. ह्या इवल्या जांभळ्या फुलाला इंग्रजीत व्हायोलेट म्हणतात; त्याची वाळलेली फुले आपल्याकडे वैद्य-हकिमांच्या पुड्यांतून खोकल्याच्या काढ्यात पडत आली आहेत. दुसरा सूर आयरिस नावाच्या झाडाच्या कंदाचा. तिसरा हेलिओट्रोप ह्या फुलाचा, बदाम आणि व्हॅनिला ह्यांच्या मधोमध कोठे तरी रेंगाळणारा. ह्या सर्वांवर हॉथॉर्नच्या पांढऱ्या फुलोऱ्याची आणि बडीशेपेची आठवण करून देणारी एक पुसट छटा पसरलेली असते. आरंभी किंचित गार आणि ओलसर वाटणारा हा गंध थोड्या वेळाने कोरडा, मऊ आणि उबदार होतो व अखेरीस कातडीला लागूनच राहतो. त्याला कडा नाहीत. तो कोठे संपला आणि अंगाचा स्वाभाविक गंध कोठे सुरू झाला हे सांगणे कठीण जाते.

ह्या जातीच्या सुगंधाला जाणकार 'पावडरी' असे विशेषण लावतात. मराठीत चूर्णगंधी म्हणावे. हे विशेषण एका सवयीतून आले आहे. आयरिसचा वाळवलेला कंद दळून त्याची पूड युरोपात पिढ्यानुपिढ्या केसांच्या व चेहऱ्याच्या पावडरीत मिसळली जात असे. बनफशा आणि हेलिओट्रोप ह्यांचे गंधही पुढे त्याच डब्यांत शिरले. त्यामुळे तो गंध आणि पावडरीचा मऊ, कोरडा स्पर्श ह्यांची मनात कायमची गाठ पडली. आपल्याकडे अबिराच्या चिमटीत किंवा कपड्यांच्या घडीत ठेवलेल्या वाळलेल्या बकुळफुलांत ह्या सुगंधाचा दूरचा आप्त भेटतो.

बनफशाच्या गंधाची आणखी एक खोड आहे. त्यातील मुख्य द्रव्यांना आयोनोन म्हणतात. ती नाकाला चटकन थकवतात, त्यामुळे काही क्षण गंध येतो, मग अजिबात येईनासा होतो, आणि आपण विसरलो असे वाटू लागताच पुन्हा येतो. मोगरा किंवा केवडा समोर ठाण मांडून बसतो. बनफशा दार ढकलून डोकावतो आणि निघून जातो. पाहुण्याने कसे यावे आणि कसे जावे ह्याचा धडा एखाद्या फुलाने घालून द्यावा तसा हा प्रकार आहे.

३

सौम्य म्हणजे दुबळा, असा एक सार्वत्रिक समज आहे. ज्याच्यात काही जोरच नाही तो सौम्य राहणारच, त्यात त्याचे कौतुक काय, असे म्हटले जाते. ह्या सुगंधाच्या द्रव्यांचा इतिहास हा समज खोडून काढण्यास पुरेसा आहे.

आयरिसचा कंद ताजा असताना त्याला सुगंध म्हणावा असे काही नसते. कच्च्या कंदमुळाला यावा तसा मातकट वास त्याला येतो. इटलीतील फ्लॉरेन्सच्या परिसरात, जेथे आयरिसचे फूल हे नगराचेच चिन्ह होऊन बसले आहे, शेतकरी हा कंद सुमारे तीन वर्षे जमिनीत वाढू देतात. मग तो काढून, हाताने सोलून, वाळवून कोठारात ठेवतात, आणि तेथे पुन्हा जवळजवळ तितकीच वर्षे त्याला पडून राहावे लागते. ह्या काळात हवेतील प्राणवायूच्या संयोगाने कंदातील निर्गंध द्रव्यांचे हळूहळू विघटन होते आणि आयरोन नावाची सुगंधी द्रव्ये तयार होतात. फुलाचा गंध फूल उमलताच मिळतो. कंदाचा गंध मिळण्यासाठी लागवड करणाऱ्याला सहा वर्षे वाट पाहावी लागते, आणि त्या कंदातून निघणारे लोण्यासारखे घट्ट द्रव्य सुगंधांच्या बाजारात अत्यंत महाग गणले जाते.

हेलिओट्रोपच्या गंधाची कथा आणखी बोलकी आहे. हा गंध देणारे द्रव्य १८६९ साली फिटिग आणि मील्क ह्या रसायनशास्त्रज्ञांना प्रथम हाती लागले ते मिऱ्यापासून मिळणाऱ्या आम्लातून. त्या द्रव्याच्या 'पिपेरोनाल' ह्या शास्त्रीय नावात मिऱ्याचे लॅटिन नाव अजून टिकून आहे. ज्या मिऱ्याने जीभ पोळते त्याच्याच अंतरंगातून, योग्य संस्कार होताच, अर्भकाच्या टाळूवर शोभावा असा मऊ गंध निघाला. पुढे हे द्रव्य अन्य वनस्पतींच्या तेलांपासून बनवले जाऊ लागले; पण त्याचे जन्मस्थान मात्र मिरेच.

बनफशाच्या गंधाचे मूळ तर आपल्याच किनाऱ्यापर्यंत येऊन पोचते. टीमान आणि क्र्यूगर ह्या जर्मन संशोधकांना आयरिसच्या गंधाचे रहस्य उकलायचे होते. त्या शोधात १८९३ साली त्यांनी आयोनोन प्रयोगशाळेत तयार केले. त्याला लागणारे सिट्राल हे द्रव्य आपल्या गवती चहाच्या भाऊबंद गवताच्या तेलात विपुल असते, आणि हे तेल त्रावणकोर-मलबारच्या बाजूने परदेशी जात असे. पाश्चात्य स्त्रीच्या हातरुमालावरील बनफशाचा गंध पुष्कळदा केरळातील डोंगरउतारांवर गवत कापणाऱ्या मजुराच्या घामातून निर्माण झालेला असे. सौम्य दिसणाऱ्या वस्तूच्या पाठीशी किती उग्र श्रम उभे असतात, हे तिच्या सौम्यपणामुळेच दिसत नाही.

तेव्हा हा सुगंध मंद आहे तो काही सामर्थ्य नसल्यामुळे नव्हे. वाट पाहण्याने, संस्काराने आणि पुष्कळ काही गाळून टाकण्याने तो मंद झाला आहे. तिखट पचवून आलेली मृदुता आणि मुळातच बेचव असणे ह्यांत अंतर आहे. माणसांच्या बाबतीतही ते अंतर ओळखता आले पाहिजे. ज्याला रागच येत नाही त्याची शांती आणि राग येऊनही जो शब्द जपून वापरतो त्याची शांती, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पण दुसरीलाच शील म्हणता येते.

४

आपल्या परंपरेने गंधाचा विचार थोडाथोडका केलेला नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि सोळा द्रव्यांतून चार चार द्रव्ये निवडण्याचे १८२० प्रकार होतात हेही गणिताने सांगून टाकले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने मानसोल्लासात विलेपनाला राजाच्या उपभोगांत स्थान दिले. गंगाधराचा गंधसार आणि त्यासोबतचा, मराठी टीका असलेला गंधवाद हे दोन ग्रंथ पुण्याच्या परशुराम कृष्ण गोडे ह्यांच्या संशोधनामुळे विद्वानांच्या नजरेस आले. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ते छापून प्रसिद्ध केले. अत्तरे, धूप आणि उटणी कशी करावीत हे मराठी भाषेत समजावून सांगण्याची गरज आपल्या पूर्वजांना वाटली होती, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ह्या सर्वांहून महत्त्वाचे आहे ते न्याय-वैशेषिकांचे एक साधे वर्गीकरण. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानून त्यांनी त्याचे दोनच प्रकार केले: सुरभी आणि असुरभी. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून शास्त्राभ्यासाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. रंगांचे सात प्रकार, रसांचे सहा, आणि गंधाचे मात्र अवघे दोन. त्यांत 'मंद' असा तिसरा प्रकार नाही, आणि तो नाही हे योग्यच आहे. कारण मंदपणा ही गंधाची जात नव्हे. ती त्याची वागण्याची रीत आहे. चंदन सुरभी आहे हे द्रव्याविषयीचे विधान झाले. ते किती उगाळावे, कोठे लावावे आणि किती जणांपर्यंत पोचवावे हा आचाराचा प्रश्न झाला. संस्कृत कवींनी उत्तम वाऱ्याची तीन लक्षणे ठरवून ठेवली, शीतल, मंद आणि सुगंधी. त्यांतही 'मंद' हे वाऱ्याच्या चालीचे वर्णन आहे.

पूजेतील गंध ह्याची साक्ष देईल. पंचोपचारांत पहिला मान गंधाचा. सहाणेवर खोड उगाळून काढलेले चंदन देवाच्या कपाळी लागते ते अनामिकेच्या टोकाएवढे. त्याचा सुगंध गाभाऱ्याबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही आणि पोचावा अशी अपेक्षाही नाही. जो जवळ जाईल त्याला तो मिळतो. हुंगलेले फूल देवाला वाहू नये, हा दंडकही ह्याच जाणिवेतून पाहता येतो: फुलाचा पहिला सुगंध कोणासाठी आहे हे ठरले की आपले नाक मागे ठेवावे लागते.

५

येथवर सौम्यतेची बाजू मांडली. पण तिच्याविरुद्ध दोन गंभीर आक्षेप आहेत आणि त्यांना उत्तर दिल्यावाचून तिला सद्गुण म्हणता येणार नाही.

पहिला आक्षेप असा की सौम्यता हीसुद्धा मिरवण्याची वस्तू होऊ शकते, किंबहुना पुष्कळदा तीच अधिक चढेल मिरवणूक असते. चूर्णगंधाचा पूर्वेतिहास ह्याला अनुकूल साक्ष देतो. अठराव्या शतकातील युरोपात सरदार-दरकदार आपल्या केसांवर आणि टोपांवर जी सुगंधी पावडर शिंपडत, तिचे मुख्य द्रव्य म्हणजे स्टार्च, बहुधा गव्हाचा. इंग्लंडात १७९५ साली धान्याची टंचाई होती, गरिबांना भाकरी महाग झाली होती, आणि श्रीमंतांच्या डोक्यांवर मात्र पीठ उडत होते. त्याच वर्षी पिटच्या सरकारने केसांच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी असा कर बसवला. त्यानंतर ती चाल झपाट्याने मागे पडली. आज ज्या गंधाला आपण मृदू, निगर्वी, घरगुती म्हणतो तोच एकेकाळी भुकेल्यांच्या नाकासमोरून जाणाऱ्या वैभवाचा गंध होता. गंध बदलला नाही, डोके बदलले.

आजही ही वृत्ती नाहीशी झालेली नाही. ज्याला सर्व काही परवडते तो कधी कधी मुद्दाम अगदी हलके, फक्त जाणकारालाच ओळखू येईल असे अत्तर निवडतो, आणि ते ओळखणाऱ्याकडे पाहून स्मित करतो. हा संयम प्रेक्षक मोजून केलेला असतो. देवस्थानांच्या व्यवहारातही ह्याचा नमुना सापडतो. संगमरवरी फरशीवर ठळक अक्षरांत नाव कोरून घेणारा दाता निदान प्रांजळ तरी असतो. गुप्तदान देऊन ते गुप्त असल्याची वार्ता चार विश्वासू माणसांच्या कानी घालणारा दाता त्याच्याहून अवघड. त्याला दानाचे श्रेयही हवे असते आणि श्रेय न घेतल्याचेही.

ह्या आक्षेपाचे उत्तर असे की दोष सौम्यतेचा नाही, दृष्टीचा आहे. ज्याचे लक्ष आपण किती कमी दिसतो ह्यावरच खिळलेले असते त्याचे लक्ष अद्याप स्वतःवरून हटलेलेच नाही. खऱ्या सौम्यतेत विचार समोरच्याचा असतो: त्याला श्वास घ्यायला मोकळी जागा उरली आहे की नाही. सभामंडपात शेजारी बसलेल्या दमेकरी आजोबांचा विचार करून ज्याने अत्तराचा फाया घरीच ठेवला त्याच्या संयमाला प्रेक्षकच नाही. आजोबांनाही तो कळत नाही. तो घरी ठेवलेला फाया हेच खरे गुप्तदान.

६

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. सौम्यतेची स्तुती आपण कोणापुढे करतो? बहुतेक वेळा ज्यांना उग्र होण्याची मुभा कधी दिलीच नाही त्यांच्यापुढे.

हळदीकुंकवाचा समारंभ आठवावा. अत्तरदाणीतील काडीने प्रत्येकीच्या हाताच्या पाठीवर अत्तराचे बोट ओढले जाते, गुलाबदाणीतून गुलाबपाण्याचे शिंतोडे उडतात, ओंजळीत फुले पडतात. सुगंध देण्याची ह्याहून सुसंस्कृत रीत क्वचितच आढळेल. घेणारी स्वतः हात पुढे करते तेव्हाच तो दिला जातो, आणि तो तिच्या हातावरच राहतो. परंतु त्याच घरात, आतल्या खोलीत, पिढ्यानुपिढ्या एक स्त्री बसलेली असे जिच्यापुढे ती अत्तरदाणी कधी आलीच नाही. पती निवर्तला की तिचे कुंकू गेले, फूल गेले, गंधही गेला. मग लोक तिचे वर्णन मोठ्या आदराने करीत: किती साधी, किती शांत, कधी जाणवतसुद्धा नाही. जी जाणवू नये अशीच व्यवस्था केली होती तिच्या न जाणवण्याचे श्रेय तिच्या स्वभावाला दिले जाई. बोलणाऱ्यांच्या मनात कपट नसे, आणि म्हणूनच हे बोलणे अधिक विचार करायला लावणारे आहे. अन्याय करणाऱ्याला अन्यायाचे फळ सद्गुणासारखे दिसू लागले, की तो अन्याय मोडणे फार कठीण होऊन बसते.

मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्यालाही गंध आणि माळा वर्ज्य सांगितल्या आहेत. तथापि त्याचे व्रत ठरावीक काळाचे असे. समावर्तनाच्या दिवशी सुगंधी उटण्याने स्नान घालून, माळा घालून त्याला सन्मानाने घरी पाठवले जाई. विधवेच्या व्रताला समावर्तन नव्हते. ते तिने घेतलेले नव्हते, म्हणून तिला ते सोडताही येत नव्हते. एकच निर्गंधता, एका ठिकाणी साधना आणि दुसऱ्या ठिकाणी शिक्षा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ह्या गावच्या ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. हेरवाड बेळगावच्या सीमेपासून दूर नाही. ठरावाने रूढी एका दिवसात मरत नाही हे खरे. परंतु एका गावाने सभेत बसून, ही गोष्ट स्त्रीच्या शीलाची नसून आमच्या वागण्याची आहे, असे लेखी मान्य करणे ह्याचे मोल कमी नाही. सुगंधाच्या भाषेत बोलायचे तर अत्तरदाणी आतल्या खोलीपर्यंत नेण्याचा तो निश्चय होता. बोट पुढे करायचे की नाही हे मग त्या स्त्रीने ठरवावे. तिने नको म्हटले, तरच त्या नकाराला वैराग्य म्हणता येईल.

ह्यावरून दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मिळते. ज्याच्यापाशी सुगंध आहे आणि तो उधळण्याची मुभाही आहे, त्याने तो आवरला तर ती सौम्यता. मुभाच नसेल तर ते मौन असते, आणि मौनाला सौम्यता म्हणून गौरवणे ही त्या माणसाची दुसऱ्यांदा केलेली वंचना होय. सौम्यतेचा उपदेश करायचाच असेल तर तो सबळाने स्वतःला करावा. दुर्बळाला करू नये.

७

एक गैरसमज मात्र होऊ नये. मंद सुगंधाचा गौरव म्हणजे दरवळाचा निषेध नव्हे. मार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते तेव्हा देवीसमोर जाईच्या फुलांची जी आरास असते तिच्या सुगंधात कोणी काटकसर शोधत नाही. आरतीच्या वेळी धूप सारा मंडप व्यापतो, व्यापावाच. तेथे सुगंध कोणा एकाचा नसतो. कळ्या खुडणारे, माळा गुंफणारे, वाहणारे आणि केवळ दर्शनाला आलेले, सर्वांचा त्यावर सारखाच हक्क असतो, आणि सर्वांनी मिळून तो देवीचा करून टाकलेला असतो. जो सुगंध सर्वांचा आहे तो कितीही दूर गेला तरी कोणावर आक्रमण करीत नाही. एकट्याच्या 'मी'चा सुगंध सर्वांच्या श्वासात शिरू लागला की तेथे आवर घालणे भाग पडते. त्याचप्रमाणे, अन्याय चालला असताना हलक्या आवाजात बोलणे ही सौम्यता नव्हे; त्या वेळी मिऱ्याने मिरेच राहावे.

मग आपल्या असण्याची जाणीव दुसऱ्याला किती व्हावी? ह्याचे माप ठरवण्यात एक मोठी अडचण आहे, आणि ती नाकाच्या घडणीतच आहे. ज्याने सुगंध लावला त्याला स्वतःला तो थोड्याच वेळात येईनासा होतो. नाक सरावते. मग त्याला वाटते की अत्तर उडाले, आणि तो आणखी लावतो. शेजाऱ्याला गुदमरायला होते तरी ह्याला काही कळत नाही. त्यात भर अशी की सर्वांची नाके सारखी नसतात. बनफशाच्या गंधातील एक आयोनोन काहींना फुलासारखे वाटते तर काहींना आंबूस, आणि हा फरक मुख्यत्वे एका जनुकामुळे पडतो असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. मला मंद आणि मधुर वाटतो तो दुसऱ्यालाही तसाच वाटेल अशी खात्री कोणालाच देता येत नाही.

विद्येचे, पैशाचे आणि पुण्याईचेही असेच आहे. स्वतःच्या मोठेपणाला माणूस फार लवकर सरावतो, तो पुरेसा जाणवत नाही असे त्याला वाटू लागते आणि तो आणखी एक थेंब लावतो. म्हणून आपल्या सुगंधाचे माप आपल्या नाकाने घेण्यात अर्थ नाही. ते शेजाऱ्याच्या नाकाने घ्यावे लागते. शेजाऱ्याला विचारणे, निदान त्याचा चेहरा पाहणे, आणि तो थोडा मागे सरकला तर त्याचा राग न मानणे, एवढे ज्याला साधले त्याला सौम्यतेचे निराळे शिक्षण नको.

बकुळीला गोव्यात ओंवळ म्हणतात. तिची फुले मातकट पांढरी, बोटाच्या पेराहून लहान, झाडावर असताना पानांत हरवून जाणारी. ती उमलली हे झाडाकडे पाहून कळत नाही; पहाटे देवळाच्या आवारात खाली पडलेला सडा पाहून कळते. वेचायची तर वाकावे लागते. माळ देवाला वाहिली तर दोन दिवसांनी निर्माल्यात जाते. पोथीत ठेवली तर रंग जातो, पाकळ्यांचे चूर्ण होते आणि सुगंध पुष्कळ काळ टिकून राहतो. पोथी मिटलेली असेल तर तो कोणालाच येत नाही. ज्याला वाचायचे असेल त्याने ती उघडावी, त्याला तो मिळतो.